टेप हाय अजून

अण्णा,

तुमची पेटी मी देऊन टाकली. हे आधी सांगून मोकळी होते, कारण त्या पेटीला दुसऱ्या कोणी हात लावलेला तुम्हाला खपत नसे. काळ्या पत्र्याची, कोपऱ्यांना पितळ मारलेली, झाकणावर पांढऱ्या रंगाने इंग्रजीत तुमचं नाव आणि खाली रत्नागिरी. ती आता मांडवीच्या जुन्या गोदामात काचेमागे ठेवली आहे. जेटीकडे जाताना लागतं ते गोदाम, ज्याच्या पायरीवर बसून तुम्ही विडी ओढायचात आणि आईला वाटायचं तुम्ही बाजारात गेलाय. त्या गोदामाचं आता संग्रहालय झालं आहे. बोटीवर नोकरीला गेलेल्या माणसांचं संग्रहालय, म्हणजे तुमचंच म्हणा ना. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की मी आता तुमच्यापेक्षा वयाने मोठी झाले आहे. साठी उलटली, गुडघे बोलतात, आणि तरी हे लिहिताना वाटतंय की पेटीवरून तुम्ही रागावाल. रागवा. कोणी रागवायला असलं तर मला बरंच वाटेल.

पेटी मागायला एक मुलगी आली होती. मुलगी म्हणजे तिशीतली बाई, लग्न झालेली, नवरा मिरजोळ्याला कारखान्यात आहे. मूळची कोल्हापूरकडची. बांगड्याचा वास आला की अजून ओढणी नाकाला लावते, आणि नोकरी मिळाली ती समुद्राची. कॉम्प्युटर शिकलेली आहे. संग्रहालयात वस्तूंशेजारी ती काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन चिकटवते. आपला मोबाईल त्या चौकोनासमोर धरला की फोनच त्या वस्तूची माहिती बोलून दाखवतो, मराठी हवी तर मराठी, इंग्रजी हवी तर इंग्रजी. मोबाईल म्हणजे खिशात मावणारा फोन, त्यातच रेडिओ, टेप, कॅमेरा, सगळं कोंबलेलं, एवढं समजून घ्या. ज्याला स्वतःचा नीट वापरता येत नाही त्याला काउंटरवर संग्रहालयाचा फोन मिळतो, हेडफोनसकट. बघून झालं की परत द्यायचा. ही मुलगी मांडवीत घरोघर फिरली. लोकांनी कंदील दिले, काच फुटलेली दुर्बीण दिली, बोटीचं नाव छापलेले टॉवेल दिले. टॉवेल देताना कोणालाही लाज वाटली नाही. माझ्या पडवीत बसून तिने कोकम सरबत घेतलं, पेटीचे चारी बाजूंनी फोटो काढले, आणि मग म्हणाली, "काकू, वस्तू रग्गड मिळाल्यात ओ. आवाज कुणाचाच मिळंना. ही माणसं बोलायची कशी, तेच कुठं नाही." मी उठले आणि लोखंडी कपाट उघडलं. आईच्या साड्यांखाली ती कॅसेट होती. तुमचा आवाज म्हणून माझ्याकडे जे काही होतं ते तेवढंच, आणि तेही मी मोठेपणी एकदाही ऐकलेलं नव्हतं.

त्या मुलीला मी कॅसेटची रीत समजावून सांगितली तेव्हा ती हसली. तुम्ही सिंगापूरहून दोन टेपरेकॉर्डर घेतले होते, एक तुमच्याजवळ बोटीवर, एक आमच्याजवळ घरी. कॅसेट मात्र एकच. घरात एका कामाला एक वस्तू, हा आपला नियम. एक फणी, एक कात्री, एक कॅसेट. तुम्ही बोलून पाठवायचात, बोटीवरून सुट्टीवर उतरलेलं कोणीतरी ती मांडवीत आणून द्यायचं. आम्ही ती ऐकायचो, पुन्हा ऐकायचो, शेजाऱ्यांना बोलावून ऐकवायचो. मग कोणी परत बोटीवर रुजू व्हायला निघाला की आई कॅसेट मागे गुंडाळून पहिल्यापासून आमचं बोलणं भरायची. त्याच जागी, तुमच्यावर. तुम्हीही तिकडे तेच करायचात, आमच्यावर. दुसरी बाजू होती, पण तिच्यावर मांडवीच्या भजनी मंडळींचं भजन होतं आणि ते पुसायचं नाही हा तुमचा हुकूम. त्यामुळे इतक्या वर्षांत आपण एकमेकांशी जे काही बोललो ते आपणच पुसत गेलो, आणि भजन मात्र जसंच्या तसं शिल्लक आहे. त्यातल्या झांजवाल्याचा ताल चुकतो तोही शिल्लक आहे.

आई टेप स्वयंपाकघरात लावायची. दार बंद केलं की वाऱ्याचा आवाज तिथे कमी येतो म्हणून. दुपारची जेवणं झालेली, चूल सारवलेली, टेप पाटावर ठेवलेला आणि त्याच्यासमोर आई मांडी घालून बसली आहे. लाल बटण दाबायच्या आधी ती पदर डोक्यावरून घेते. समोर टेपच आहे हे तिला कळतं, पण बोलणार तुमच्याशी, म्हणून पदर. मग ती सुरू करते. "हितं सगळा बरा हाय. तुमी तब्येतीला जपा. घर शाकारून झाला. म्हस व्याली." सगळं एका दमात, परीक्षेला बसल्यासारखं. आणि मग माझ्या तक्रारी. शेजारच्या पोरीला मी मारलं, ते एकदा तिने तुम्हाला सांगितलं. तुमचा ओरडा यायला चार-पाच महिने लागले. तोवर ती पोर आणि मी जिवलग मैत्रिणी झालो होतो. कॅसेट लावली तेव्हा ती आमच्याच घरात, माझ्या मांडीला मांडी लावून बसली होती, आणि टेपमधून तुम्ही दरडावत होतात की तिच्या वाटेला पुन्हा गेलीस तर याद राख. आम्ही दोघी तोंडावर फ्रॉक धरून हसलो. आईने दोघींच्या पाठीत एकेक धपाटा घातला.

तुम्ही घरी यायचात तेव्हा मात्र बोलायचं काय, हा प्रश्न असायचा. वर्षभर बोट, दोन महिने घर. आईला मी तू म्हणायची आणि तुम्हाला तुम्ही, पाहुण्याला म्हणतात तसं. बोटीच्या इंजिनात तेल घालायचं तुमचं काम, तेलवालाच म्हणत तुम्हाला सगळे, आणि त्या धडधडीची तुम्हाला इतकी सवय झालेली की घरात शांत झालं की तुम्हाला झोप लागत नसे. ऐन थंडीत तुम्ही टेबलफॅन लावून, अंगावर दोन चादरी घेऊन झोपायचात. दिवसा पडवीत बसायचात. मी जवळ येऊन बसले की एकदा माझ्याकडे बघायचात, जरा सरकायचात, आणि परत समोर बघायचात. मला वाटायचं मी काहीतरी बोलावं अशी तुमची अपेक्षा आहे. मग मी उगाच काहीतरी विचारायची, बोटीवर मासे खातात का, समुद्रात रात्री दिवे लावतात का. तुम्ही हो किंवा नाही म्हणायचात. थोड्या वेळाने मी कंटाळून खेळायला पळायची.

मग छाती खराब झाली म्हणून कंपनीने तुम्हाला कायमचं घरी पाठवलं. तुमचा टेप तुम्ही बोटीवर कोणा सोबत्याला देऊन आलात. आपला घरचा टेप खाऱ्या हवेने आधीच गेलेला. त्या काळ्या पेटीत कपड्यांमध्ये गुंडाळलेली कॅसेट निघाली, ती आईने उचलून ठेवली. तुमच्याकडून आलेली कॅसेट म्हणजे तुमच्याच बोलण्याची असणार, हे आम्ही दोघी धरूनच चाललो. पुढे तुम्ही गेलात, मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. आई कॅसेट साड्यांखाली सरकवताना म्हणाली, "आसू दे. तेच्यात ते हायत." ती असेपर्यंत मी टेप आणायचं नाव काढलं नाही, तिला सोसलं नसतं. ती गेल्यावर टेपच कुठे मिळेनासे झाले. आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटायची, कारण तुमचा आवाज मला आठवत नव्हता. तुमचा खोकला आठवतो, अगदी शेजारच्या खोलीत ऐकू यावा तसा आठवतो. आवाज आठवत नाही. टेलिफोन खात्यात मी आयुष्यभर नोकरी केली. मुंबईचा ट्रंक कॉल लागला, बोला, असं दिवसातून कितीदा म्हटलं असेन. लोकांच्या बापांचे आवाज त्यांच्या लेकींपर्यंत मी पोचवले आणि माझ्या बापाचा आवाज कपाटात ठेवून बसले. लग्न केलं नाही ते वेगळं, त्याचा तुमच्याशी काही संबंध नाही. पण घरात दुसरा आवाज नसला की माणूस असले विचार करत बसतो.

संग्रहालयाच्या मागच्या खोलीत त्या मुलीने कॅसेट उघडली. बारीक स्क्रू काढले, आतली टेप अलगद उचलून नव्या डबीत बसवली, आणि कुठूनतरी मागवलेल्या टेपरेकॉर्डरला वायर लावून कॉम्प्युटरला जोडली. आवाज दिसतो आता, अण्णा. पडद्यावर डोंगरांच्या रांगेसारखी रेघ येते, मोठ्याने बोललं की उंच, हळू बोललं की बुटकी. मी खुर्ची पुढे घेतली. आधी खरखर, मग एक खाकरणं, आणि मग आई. "हितं सगळा बरा हाय." मला वाटलं थोडंसंच असेल, पुढे तुम्ही याल. पण आई बोलतच राहिली. म्हस, शाकारणी, कोणाचं लग्न, कोणाचं बारावं. त्या मुलीने विचारलं, "ह्या कोण?" मी म्हटलं, आई. मग आईने कोणालातरी पुढे ढकललं आणि एक पोर बोलायला लागली. चिरका, शिष्ट आवाज. "अण्णा, मी आता तेरापासून वीसपर्यंत पाढे म्हणून दाखवते." आणि खरोखरच म्हणायला लागली. तेरा एके तेरा.

मला त्या पोरीचा असा राग आला म्हणून सांगू. तेराचा झाला, चौदाचा झाला, पंधराचा तर गाऊन म्हटला. प्रत्येक पाढ्याखाली तुम्ही होतात, आणि ती तुम्हाला पुसत चालली होती. कोल्हापूरची मुलगी कौतुकाने हसत होती, तुम्हीच का त्या काकू, म्हणत होती. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं काय झालं असेल ते. आम्ही पाठवलेली ही शेवटची कॅसेट. ती तुम्हाला मिळाली, तुम्ही ऐकलीत, आणि मग तुमची पाळी होती. तुम्ही त्यावर काही भरलं नाहीत. तुम्हीच घरी येणार होतात म्हणून, की आम्हाला पुसायचं तुमच्या जिवावर आलं म्हणून, ते आता कोण सांगणार. आमचं बोलणं तुम्ही कपड्यांत गुंडाळून घरी आणलंत आणि आम्ही ते तुमचं म्हणून जपलं. सतराच्या पाढ्यावर टेपमधून आई म्हणाली, "बास गो आता. तेंना काय पाडे येत नाय काय?" आणि खट्ट करून बटण बंद झालं.

त्या मुलीने हात पुढे केला, टेप थांबवायला. आणि तुम्ही आलात.

आधीच्या खेपेला तुम्ही आमच्यापेक्षा जास्त बोलला होतात. या खेपेला आमचं बोलणं आईने लवकर आटपलं, तेव्हा तुमच्या बोलण्याचं शेपूट त्याच्या पुढे न पुसता तसंच राहून गेलं होतं. मागे इंजिन धडधडतंय आणि तुम्ही सावकाश, जड आवाजात बोलताय. कोणी माझ्या अंगावर चादर घालावी तसं मला झालं. तुम्ही म्हणालात, "आता सांगायला काय ऱ्हायला नाय. पण टेप हाय अजून. जरा वेळ असाच बसतो. तुमी पण बसा." एवढंच. मग तुम्ही बोलला नाहीत. इंजिन चालू आहे, एकदा खुर्ची करकरते, एकदा तुम्ही नाक ओढता, आणि कॅसेट संपेपर्यंत तुम्ही बसून आहात. लहानपणी हे मी ऐकलं असणारच, आईने तेव्हा बहुतेक टेप बंद केला असेल, काही येत नाही म्हणून. त्या खोलीत मी मात्र बसले. आयुष्यात पहिल्यांदा तुमच्याशेजारी काही न विचारता बसले. संपल्यावर मी रडले, आणि ती मुलगी बाहेर जाऊन माझ्यासाठी चहा घेऊन आली.

आता भांडणाची गोष्ट ऐका. आठवड्याने तिने मला बोलावून पक्की केलेली फाईल ऐकवली. तुमचे शब्द अगदी स्वच्छ, जणू माझ्या पडवीत बसून बोलताय. मागे काहीच नाही. मी म्हटलं, "इंजिन कुठं गेलं?" ती म्हणाली, "ते काढलं ओ काकू. घरघर काढायचं सॉफ्टवेअर असतंय." आणि 'तुमी पण बसा' झाल्यावर फाईल संपली. मी म्हटलं, "आणि ते बसलेत ते?" तिने पडद्यावर बोट ठेवलं. डोंगर संपून पुढे नुसती सपाट रेघ होती. "इथं काही नाही ओ. रिकामी जागा आहे ही, कापली." मी तिला म्हटलं, बाई, माझा बाप आयुष्यभर त्या इंजिनाशेजारी राहिला, माझ्याशेजारी राहिला नाही. इंजिन काढलंस तर त्याला उभं कुठे करशील? आणि रिकामी जागा कसली, तो बसलाय तिथे. ती बिचारी वाईट नाही. तिने संग्रहालयाच्या मुंबईच्या सल्लागाराला फोन लावला, व्हिडिओवर, मला समोर बसवून. तो हुशार माणूस, गोड बोलणारा. म्हणाला, लोक हल्ली दहा-पंधरा सेकंदांत कंटाळतात, गप्प आवाज कोणी ऐकत नाही, त्यांना वाटतं फोन बिघडला. त्याचं चूक नव्हतं. पुढे असंही म्हणाला की एवढ्या आवाजावरून तुमच्या वडिलांचा आवाज तयार करता येईल. मग आपण लिहून देऊ ते ते बोलतील, बोटीवरचं जेवण, वादळ, कामाच्या पाळ्या, सगळी माहिती त्यांच्याच तोंडून.

त्या रात्री घरी आल्यावर मी त्याचा विचार केला नाही असं म्हणणार नाही. लिहून देऊ ते बोलतील. मी काय लिहिलं असतं, अण्णा? पाढे छान म्हटलेस, असं लिहिलं असतं. जेवलीस का, असं लिहिलं असतं. रोज संध्याकाळी एकदा जेवलीस का एवढं ऐकायला मिळालं तरी मला पुष्कळ होतं. पण तुम्ही ते आईला विचारायचात, मला कधी विचारलं नाहीत, आणि मी ते लिहून तुमच्या तोंडी घालायचं म्हणजे मीच मला विचारल्यासारखं. ते मी रोज करतेच. दुसऱ्या दिवशी मी नाही म्हणून सांगितलं.

शेवटी असं ठरलं की तुमचं बोलणं आणि तुमचं बसणं, दोन्ही इंजिनासकट पावसाळ्यापर्यंत ठेवून बघायचं. कोणी किती वेळ ऐकलं ते फोनमधून कळतं. लोक मध्येच सोडून जात असतील तर पावसाळ्यात गाळून टाकायचं, आणि मी त्यावर काही बोलायचं नाही. मी कबूल केलं. पेटीसमोर चौकोन चिकटला. इंग्रजी बटण दाबलं तर एक बाई तुमच्या वतीने फाडफाड इंग्रजी बोलते, ते ऐकून तुम्हाला घाम फुटला असता. पण इंजिन तिच्याही मागे ठेवलंय, तेवढी ती मुलगी शब्दाला जागली.

मी बघायला जाऊ लागले. कॉलेजची पोरं येतात, पेटीसोबत स्वतःचे फोटो काढतात. तुम्ही "तुमी पण बसा" म्हणालात की पुढच्या वस्तूकडे जातात. पुण्याकडचं एक कुटुंब आलं होतं. तुम्ही गप्प झाल्यावर त्यातल्या गृहस्थाने फोन हलवला, मग तळहातावर आपटला, मग बायकोला म्हणाला, बंद पडलं वाटतं. मला वाटलं त्याला सांगावं, अहो, बंद पडलेलं नाही, जरा थांबा. पण मी कोण सांगणारी? मी नुसती बाजूला उभी होते. एक म्हातारा मात्र पुष्कळ वेळ हेडफोन लावून उभा होता, मला बरं वाटलं. मग कळलं त्याला बटण दाबायचंच कळलं नव्हतं. काउंटरवर मिरकरवाड्याची एक बाई बसते, तिचा नवरा ट्रॉलरवर असतो. एकदा तिचं काम नव्हतं तेव्हा मी तिला ऐकवलं. तुमचं बोलणं झाल्यावर तिने हेडफोन काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "घरात आमचो पण असोच. बोलत नाय मेलो." आणि तिकीट फाडायला गेली.

मागच्या आठवड्यात पावसाचे ढग दिसू लागले, आणि कोल्हापूरच्या मुलीने मला मागच्या खोलीत बोलावलं. मी मनाची तयारी करून गेले होते. ती तर खुशीत होती. तिने पडद्यावर एक रेघ दाखवली, ही तुमच्या पेटीची. "काकू, बघा तरी. सगळ्या संग्रहालयात एवढी शेवटपर्यंत कुठलीच फाईल ऐकली जात नाही. अर्ध्याहून जास्त लोक थांबतात ओ शेवटपर्यंत. नुसत्या इंजिनाला." सल्लागाराला तिने कळवलं होतं. तो म्हणाला, असं त्याने कुठेच बघितलं नाही, कोकणातली माणसं वेगळीच. तुमची फाईल आता कायमची राहणार, बसण्यासकट. तिने मला पेढा दिला. मी तो खाल्ला. "कोण ऐकत असतील ओ एवढं?" तिने विचारलं. मी म्हटलं, "बसायची सवय असते काहींना."

शेवटपर्यंत ऐकणारी ती सगळी माणसं मीच आहे, अण्णा. रोज दुपारी चारला जाते, काउंटरवर संग्रहालयाचाच फोन मागते, म्हणजे कोण ऐकतंय ते कळत नाही, आणि एकदा ऐकून झालं की पुन्हा लावते. काउंटरवरच्या बाईला सगळं माहीत आहे. ती फोन पदराने पुसते आणि देते, बाकी काही बोलत नाही. आता रेघेचं काम झालंय, फाईल पक्की झाली आहे, मला जायची गरज राहिलेली नाही. तरी काल गेले होते, आज जाऊन आले. तीच फाईल त्या मुलीने माझ्या मोबाईलमध्येही घालून दिली आहे. घरी बसून, चहा घेत, हवी तेवढी ऐका म्हणाली. घरी मी ती एकदाही लावलेली नाही. टेप संपली की तिथे निदान कोणीतरी फोन परत मागायला येतं.